पक्षकाराला दाव्याची छापील माहितीपुस्तिका द्यावी का, आणि तिच्यात काय नसावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी वाईच्या कोर्टात वकिली करते. काम बहुतेक दिवाणी: वाटपाचे दावे, मनाई, बांधाचे आणि रस्त्याचे वाद. माझ्या पक्षकारांना देण्यासाठी मी मराठीत एक 16 पानी पुस्तिका लिहिली आहे. छापायला टाकण्याआधी इथल्या जाणत्या लोकांशी बोलायचं आहे, कारण आमच्या बाररूममध्ये विषय काढल्यावर सरळ दोन तट पडले.

आधी गरज सांगते. धोम धरणाच्या मागच्या गावांतून माणसं सकाळच्या एसटीनं येतात, दुपारपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात बसतात, पुकारा झाला की आत येऊन हात जोडून उभी राहतात आणि दोन मिनिटांत बाहेर. "काय झालं, ताई?" "पुढची तारीख पडली." आता त्या दिवशी समोरच्यांची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) दाखल झालेली असते, म्हणजे दावा एक टप्पा पुढे सरकलेला असतो. पण ते त्याला कळत नाही. तो घरी जाऊन सांगतो की वकील नुसत्या तारखा पाडतोय. दावा दाखल, समन्स, निशाणी 5 चा (म्हणजे फाईलीत त्या नंबरवर लागणारा) तात्पुरत्या मनाईचा अर्ज, कैफियत, मुद्दे, सरतपासाचं प्रतिज्ञापत्र (आपल्या साक्षीदाराची लेखी साक्ष), उलटतपास (समोरच्या वकिलानं विचारलेले प्रश्न), युक्तिवाद, हुकूमनामा (कोर्टाचा निकाली आदेश) आणि त्यानंतर दरखास्त (तो अमलात आणायचा अर्ज), हा सगळा रस्ता त्याला कुणी एकदा बसवून सलग सांगितलेला नसतो. मी सांगते, पण कोर्टाच्या गडबडीत सांगितलेलं गावी पोचेपर्यंत निम्मं सांडतं. शेतजमिनीच्या वाटपात तर हुकूमनामा झाल्यावरही काम संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे प्रत्यक्ष सरसनिरस (जमिनीची प्रत पाहून समतोल) वाटप करायला प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसील, मोजणी, हरकती. "दावा जिंकलो, मग सात-बाऱ्यावर नाव का नाही?" हा प्रश्न मला प्रत्येक वाटपात ऐकू येतो.

पुस्तिकेचं पहिलं पान रिकाम्या जागांचं आहे. दावा नंबर, कोर्ट, सीएनआर नंबर (तो 16 अक्षर-आकड्यांचा, ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाकला की पुढची तारीख दिसते), टप्पा कोणता. ते मी समोर बसून हातानं भरून देणार. मग टप्पे. मग कोणत्या तारखेला तुम्ही स्वतः यायलाच हवं आणि कोणत्या तारखेला नाही आलात तरी चालतं.

वाद आहे तो तीन पानांवर.

एक पान फीचं. त्यात मी लिहिलं आहे की कोर्टात भरायच्या प्रत्येक रकमेची पावती मिळते, ती मागा. दाव्यात जे मिळेल त्यातला हिस्सा वकिलाला फी म्हणून ठरवता येत नाही, बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियम 20 ची तशी मनाई आहे. वकील बदलायचा असेल तर फी थकली म्हणून जुना वकील फाईल अडवून ठेवू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयानं आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात 2000 साली हे स्पष्ट केलं आहे. वकील तुम्हाला न विचारता तडजोड करू शकत नाही. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, हे पान म्हणजे बाकीच्या वकिलांविरुद्ध तक्रार अर्जाचा नमुना झाला. काढून टाका."

दुसरं पान उलटतपासाचं, त्यावर खाली सविस्तर लिहिते. तिसरं शेवटचं पान. एका ज्येष्ठांचा आग्रह आहे की तिथे "वरील सर्व माहिती वाचली, समजली, माझी काही तक्रार नाही" असं छापून पक्षकाराची सही घ्यावी आणि ते पान फाडून फाईलला लावावं. उद्या तक्रार झाली तर कामाला येईल.

उलटतपासाच्या पानावर सध्या असं आहे: प्रश्न पूर्ण ऐका. समजला नाही तर समजला नाही म्हणून सांगा. जे स्वतः पाहिलं, केलं तेच सांगा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा. प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी ते वाचा, वाचता येत नसेल तर माझ्याकडून शब्दन् शब्द वाचून घ्या, चुकीचं असेल तर सही करू नका. खोटी साक्ष हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली न्यायालयीन कामात दिलेल्या खोट्या पुराव्याला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि मग एक उतारा सूचनावजा प्रश्नांबद्दल. आपल्याकडे उलटतपासाच्या शेवटी वकील धडाधड सूचना देतात: तुम्ही खोटं सांगताय, जमीन तुमच्या ताब्यात कधीच नव्हती. साक्षीत ते "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटे सांगत आहे" असं उतरतं. साध्या माणसाला तो दुहेरी नकार उमजत नाही. "हो" म्हणायचं की "नाही", यात तो गोंधळतो, आणि दावा त्या एका ओळीवर लोंबकळतो. म्हणून मी त्या प्रश्नाची घडण समजावली आहे.

हे साक्षीदार पढवणं होतं का? आणि पुस्तिकेवर माझं नाव, फोन असेल तर ती बार कौन्सिलच्या नियम 36 खाली जाहिरात ठरते का? मला ही पुस्तिका द्यायचीच आहे. कुठे थांबायचं ते ठरवायचं आहे.

जुनी_सनद

मॅडम, कल्पना चांगली आहे, सोडू नका. मी कोल्हापूरला आयुष्यभर दिवाणी बाजू चालवली, आता फार थोडी कामं घेतो.

नियम 36 चं आधी. कामाची मागणी किंवा जाहिरात करू नये, प्रत्यक्ष किंवा आडमार्गानं, परिपत्रकं काढून, दलाल ठेवून, ओळखपाळख नसताना गाठीभेटी घेऊन, असा तो नियम आहे. 2008 मध्ये त्यात वेबसाइटपुरती सवलत आली, तीही नाव, पत्ता, फोन, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढ्यापुरतीच. नियमाचा रोख नव्या पक्षकाराला ओढण्यावर आहे. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर हे प्रकरण 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं ते कशावरून? मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात उभं राहून आलेल्या माणसावर झडप घालायची, हातातले कागद हिसकावायचे, यावरून. ज्याचं वकीलपत्र तुमच्याकडे आहे, त्याला त्याच्याच दाव्याची वाट समजावून देणं त्यात कसं बसेल? पण तीच पुस्तिका झेरॉक्सच्या दुकानात, बँकेत, ग्रामपंचायतीत ठेवलीत, की ती परिपत्रक झाली. म्हणून वकीलपत्रावर सही झाल्यावरच द्या. मुखपृष्ठावर नाव नको, फोटो तर नकोच. आत पहिल्या रिकाम्या पानावर तुमचा फोन हातानं लिहा, पक्षकाराला तेवढा पुरतो. आणि "आमच्याकडे जलद निकाल" छापाचं एक वाक्य कुठे राहिलं नाही ना, हे तिऱ्हाइताकडून तपासून घ्या.

फीच्या पानाबद्दल तुमच्या सहकाऱ्यांना वाईट वाटलं असेल तर वाटू द्या. त्यात एकही वाक्य कायद्याबाहेरचं नाही.

उलटतपासाचं पान मात्र काढा, असं माझं स्पष्ट मत आहे. पढवण्याचा तुमचा हेतू नाही, हे मला दिसतं. पण पिंजऱ्यातलं दृश्य डोळ्यासमोर आणा. समोरचा वकील विचारतो, "तुम्हाला वकिलांनी पुस्तक दिलंय का?" "दिलंय." "त्यात साक्ष कशी द्यायची ते लिहिलंय?" "लिहिलंय." "ते वाचून आज साक्ष देताय?" "व्हय." तुमचा माणूस खरं बोलला आणि तुमचा दावा पांगळा झाला. वकील-पक्षकारांतल्या बोलण्याला जे संरक्षण आहे, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 126, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 132, ते खासगी बोलण्यासाठी आहे. सगळ्यांना वाटलेल्या छापील कागदाला ते मिळेल असं धरून चालू नका. ही गोष्ट तोंडी सांगायची असते.

आणखी एक. छापलेलं शिळं होतं. 18 ऑगस्ट 2025 पासून आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडची उच्च न्यायालयाची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचला आली. त्याआधी छापलेल्या कागदावर मुंबई असेल आणि पक्षकार मुंबईची गाडी पकडेल. कैफियतीला 30 दिवस, वाढवून 90, असं छापाल तर हेही छापा की साध्या दिवाणी दाव्यात त्यानंतरही कोर्ट कारण पाहून, खर्च लावून परवानगी देऊ शकतं, पण व्यापारी दाव्यात 120 दिवसांनंतर दार बंद. नुसता 90 चा आकडा वाचून प्रतिवादी 89 व्या दिवशी तुमच्याकडे येईल. मुखपृष्ठावर आवृत्तीचा महिना आणि वर्ष ठळक टाका.

सहीचं म्हणाल तर पुस्तिका मिळाल्याची पोच म्हणून घ्यायला हरकत नाही.

मी_पक्षकार

ताई, मी वकील नाही. चाकणला कंपनीत कामाला आहे, गाव जालना जिल्ह्यात. तुमचं लिहिणं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

माझ्या आईनं तिच्या भावांवर वडिलोपार्जित जमिनीत वाट्यासाठी दावा लावला. 2005 च्या कायद्यानं मुलीला मुलासारखाच हक्क आहे हे तिला बचत गटातल्या बायकांकडून कळलं, वकिलाकडून नाही. वकील म्हणाले, तुम्ही यायची गरज नाही, मी आहे. आई खूश, कारण एका तारखेला गेलं की तिची रोजंदारी बुडायची. पुढं कधीतरी तिच्या साक्षीची तारीख लागली. तिला निरोप नाही. वकीलही त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात. रोजनाम्यात लिहिलंय, "वादी व वकील पुकारता गैरहजर." दावा गैरहजेरीत काढून टाकला. आम्हाला कळलं तेव्हा दावा परत बोर्डावर घ्यायच्या अर्जाची 30 दिवसांची मुदत उलटून गेली होती. मग उशीर माफीचा अर्ज, त्याची वेगळी फी, त्यावर मामांचं म्हणणं. दावा सुरू व्हायच्या आधीच एक दावा लढावा लागला.

आणि ऐका. दावा लावताना तिच्याकडून कोर्ट फी म्हणून पैसे घेतले होते. नंतर दुसऱ्या वकीलबाईंनी सांगितलं की महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात बाईला कोर्ट फी माफ आहे, 1994 पासून. त्या दाव्यात कोर्ट फीची तिकिटं लावलेलीच नव्हती. ते पैसे कुठं गेले त्याची पावती नाही. आईनं पावती मागितली नाही, कारण मागता येते हेच तिला माहीत नव्हतं.

म्हणून तुमचं फीचं पान कुणाच्या बोलण्यावर काढू नका. "कोणत्या तारखेला यायलाच हवं" हे पान तर मोठ्या अक्षरात छापा. आईच्या हातात तसा कागद असता तर तिनं साक्षीच्या दिवशी रोजंदारी सोडली असती आणि उभी राहिली असती. ती धीट आहे.

साहेबांनी वर लिहिलंय की उलटतपासाचं तोंडी सांगायचं. साहेब, तोंडी सांगायला वकिलांना वेळ असतो का? आईला दुसऱ्या वेळी साक्षीच्या दिवशी सकाळी जिन्यात पाच मिनिटं सांगितलं. प्रतिज्ञापत्र तिच्यासमोर वाचलं नव्हतं. पहिलाच प्रश्न आला, "हे प्रतिज्ञापत्र कोणी लिहिलं? त्यातला मजकूर तुम्हाला माहीत आहे का?" आई म्हणाली, "वकिलांनी सही कर म्हटलं, केली." खरंच सांगितलं तिनं. समोरचा वकील हसला आणि न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

ह्यूस्टनहून

मी इथे एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांची सहायक) आहे, मूळची सांगलीची. अमेरिकेत पक्षकाराला छापील माहिती देणं ही रोजची गोष्ट. 1977 च्या बेट्स प्रकरणानंतर वकिलांच्या जाहिरातीवर सरसकट बंदी राहिली नाही, त्यामुळे कृष्णाकाठताईंचा नियम 36 चा प्रश्न इथे त्या रूपात येत नाही. साक्षीच्या तयारीचा प्रश्न मात्र इथेही तितकाच धारदार आहे.

1997 मध्ये टेक्सासमध्येच एक प्रकरण गाजलं. डॅलसच्या एका मोठ्या फर्मनं अॅस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्या कामगारांसाठी साक्षीच्या तयारीचं सुमारे 20 पानांचं टिपण केलं होतं. एका साक्षीच्या वेळी ते चुकून समोरच्या वकिलांच्या हाती गेलं. त्यात नुसतं "नीट ऐका, शांत राहा" नव्हतं. कोणत्या कंपन्यांच्या मालाची नावं सांगायची, ते डबे-पिशव्या कशा दिसायच्या, धोक्याची आपल्याला काही कल्पना नव्हती हे कसं ठसवायचं, इथपर्यंत होतं. फर्मचं म्हणणं पडलं की हे गोपनीय आहे. वकिली नीतिमत्तेचे जाणकारही दोन बाजूंना वाटले गेले. त्या कामगारांचा आजार खरा होता, फुप्फुसं खरंच निकामी झाली होती. तरी त्या कागदामुळे खऱ्या माणसाच्या खऱ्या आठवणीकडेही संशयानं पाहिलं गेलं. मला त्यातलं तेच सगळ्यात वाईट वाटतं.

ऑगस्ट 2023 मध्ये अमेरिकन बार असोसिएशननं साक्षीदाराच्या तयारीवर मतपत्र क्रमांक 508 काढलं. त्याचा गाभा असा: प्रक्रिया समजावणं, कागद दाखवून आठवण ताजी करायला मदत करणं, कसे प्रश्न येतील ते सांगणं चालतं. उत्तराचा मजकूर पुरवणं चालत नाही. ताईंच्या पानावर दाव्यातलं एकही तथ्य नाही, जमिनीचा गट नंबर नाही, "ताबा आमचाच होता असं सांगा" नाही. ते पान डॅलसच्या टिपणापेक्षा जातीनंच वेगळं आहे.

कृष्णाकाठ

मी_पक्षकार, तुमच्या आईंचं वाचून फार वाईट वाटलं. उशीर माफीच्या अर्जावर आदेश झाला का? झाला असेल आणि विरोधात गेला असेल तर त्याची सही-शिक्क्याची नक्कल लगेच मागा आणि तारखा घेऊन तुमच्या आताच्या वकीलबाईंकडे जा. तिथेही मुदत पळत असते.

सर, उलटतपासाच्या पानावर मी तुमच्याशी सहमत नाही, क्षमा करा. तुम्ही मांडलेलं पिंजऱ्यातलं दृश्य मी कालपासून डोक्यात घोळवते आहे. समोरच्या वकिलानं विचारलं, "पुस्तकात साक्ष कशी द्यायची ते लिहिलंय?" तर मला उठून म्हणता यायला हवं, "लिहिलंय, ही घ्या पुस्तिका, न्यायालयाच्या अवलोकनार्थ दाखल करते." त्या पानावर काय आहे? खरं बोला, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा, न वाचता प्रतिज्ञापत्रावर सही करू नका. हे न्यायाधीशांनी वाचलं तर माझ्या पक्षकाराचं काय बिघडणार? मी माझ्यासाठी कसोटी तीच ठरवली आहे. विरुद्ध बाजूच्या वकिलाला मी स्वतःहून देऊ शकणार नाही असं एक वाक्यही छापायचं नाही. ज्या गोष्टी त्या दावेदाराच्या, त्या जमिनीच्या, त्या कागदांच्या, त्या समोर बसूनच बोलायच्या.

आणि तोंडी सांगणं आपोआप स्वच्छ असतं, हे मला पटत नाही. साक्षीदाराला पढवलं जातं ते तोंडीच, जिन्यात, चहाच्या टपरीवर, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी. छापील कागद निदान चारचौघांत वाचता येतो. ह्यूस्टनहून आलेल्या उदाहरणात घात झाला तो मजकुरामुळे. तोच मजकूर तोंडी सांगितला असता तर पकडला गेला नसता, पण खोटेपणा तेवढाच राहिला असता.

एक वाक्य मात्र मी कालच खोडलं. "आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा" असं होतं. वाक्य चूक नाही, पण घाबरलेला माणूस ते ढालीसारखं धरतो आणि स्वतःच्या लग्नाचं साल विचारलं तरी आठवत नाही म्हणतो. ते मी तोंडी, त्या माणसाचा स्वभाव पाहून सांगेन.

पीएलव्ही_मावशी

मी आमच्या तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक (पीएलव्ही) आहे, पूर्वी अंगणवाडी सेविका होते. वकीलबाई, तुमच्या पुस्तिकेत एक पान दिसलं नाही. बाईला, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला, कोठडीतल्या माणसाला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली सरकारी खर्चानं वकील मिळतो. बाईच्या बाबतीत उत्पन्न बघत नाहीत. 15100 वर फोन केला तरी चौकशी होते. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. हे पैसे देऊन आलेल्या पक्षकाराला सांगायला वकील कचरतात, मला माहीत आहे, कारण माणूस उठून जाऊ शकतो. पण दाव्याची माहिती देतो म्हणायचं आणि हेच गाळायचं, हे बरोबर होणार नाही.

दुसरं ते सहीचं. "वाचली, समजली, तक्रार नाही" यावर सही घेऊ नका. आमच्याकडे येणाऱ्या बायका कागद पुढं आला की विचार न करता अंगठ्याला शाई लावतात. आयुष्यभर त्यांनी तेच केलंय, सोसायटीत, बँकेत, भावांपुढे हक्कसोड करताना. पुस्तिका त्यांच्या बाजूची आहे म्हणता आणि शेवटच्या पानावर पुन्हा तोच अंगठा? मग ती तुमच्या बाजूची झाली.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी गावात वाचून दाखवते. तुमची भाषा कशी आहे ते पाहायला आवडेल. "निशाणी" म्हणजे काय हे पहिल्या ओळीत सांगितलं नाही तर बायका ती मतदानाची निशाणी समजतात, असा माझा अनुभव आहे.

जुनी_सनद

मावशी, सहीबद्दल तुमचं म्हणणं मी मान्य करतो. "तक्रार नाही" हे शब्द तर नकोतच. पोचही नको. मॅडमनी स्वतःच्या डायरीत तारीख टाकून नोंद ठेवावी की पुस्तिका दिली आणि कोणतं पान समजावलं.

मॅडम, उलटतपासाच्या पानाबद्दल माझी भीती पूर्ण गेलेली नाही. अवलोकनार्थ दाखल करण्याची तयारी ठेवून लिहिणार असाल तर माझा विरोध मागे घेतो, पण एक अट. सूचनावजा प्रश्नाच्या उताऱ्यात उदाहरण म्हणून "जमीन तुमच्या ताब्यात कधीच नव्हती" हे घेऊ नका. तुमचे निम्मे दावे ताब्याचे आहेत. कुणी म्हणेल उत्तर पुरवलं. दाव्याशी संबंध नसलेलं उदाहरण घ्या, एसटी किती वाजता आली होती, पाऊस पडत होता का, असलं काही.

कृष्णाकाठ

सर, उदाहरण बदलते. एसटीचंच घेते.

मावशी, मोफत वकिलाचं पान फीच्या पानाच्या आधी घालते. म्हणजे बाई फी वाचण्याआधी ते वाचेल. कुणी त्यामुळे समितीकडे गेलं तर जाऊ दे, तिथल्या पॅनेलवरही आमच्यातलेच वकील असतात. सही नाही, अंगठा नाही, पोच नाही. शेवटच्या पानावर आता "वकिलांना विचारायचे प्रश्न" म्हणून रेघा आखून जागा सोडली आहे. पुकाऱ्याची वाट बघताना सुचलेलं तिथे लिहून ठेवता येईल, किंवा नातवाकडून लिहून घेता येईल. मुखपृष्ठावर माझं नाव नाही. आवृत्तीचा महिना, वर्ष, आणि "फक्त दिवाणी दाव्यांसाठी" एवढंच.

एक गोष्ट अजून मोकळी आहे. एका वाटपाच्या दाव्यात मी एका भावाकडून आहे, दुसरा भाऊ वकिलाशिवाय स्वतःच उभा राहतो. त्यानं उद्या ही पुस्तिका मागितली तर? ज्याचं वकीलपत्र नाही त्याला द्यायची नाही असं ठरवलं आहे, आणि विरुद्ध पक्षकाराला त्याच्या दाव्याबद्दल मी सल्ला देऊ नये हेही खरं. पण कोर्टाची वाट समजणं हे तर दोघांनाही हवं. हाच मजकूर, माझ्या ऑफिसचं सगळं वगळून, विधी सेवा समितीनं त्यांच्या नावानं छापला तर कार्यालयाच्या बाकावर ठेवता येईल आणि कुणालाही उचलता येईल. मावशी, तुमच्या समितीच्या सचिवांपुढे असा प्रस्ताव कसा ठेवायचा, अर्ज साध्या कागदावर चालतो का?

पीएलव्ही_मावशी

साध्या कागदावर चालतो. तालुका समितीचे अध्यक्ष न्यायाधीशसाहेबच असतात, त्यांच्या नावे अर्ज करा, सोबत मजकुराची टाईप केलेली प्रत जोडा. त्याआधी मला पाठवा. बचत गटाच्या बैठकीत वाचून बघते, कुठे अडतंय त्या ओळींना पेन्सिलनं खूण करून परत देते.

मी_पक्षकार

ताई, उशीर माफ झाला, 2000 रुपये खर्च लावून. दावा बोर्डावर आहे, मामांच्या साक्षीला लागलाय. पुस्तिका छापली की एक प्रत विकत मिळेल का? आमच्या वकीलबाईंना दाखवायची आहे.

कृष्णाकाठ

विकत नाही देता येणार, आणि माझा पक्षकार नसलेल्या माणसाला माझ्याकडून थेटही नाही. तुमच्या वकीलबाईंना मला लिहायला सांगा. मी त्यांना मजकूर पाठवते, त्या त्यांच्या कोर्टाप्रमाणे बदलून वापरू शकतात. तुमच्याकडे अपील जालना जिल्हा न्यायालयात आणि पुढे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जाईल. ते पान त्यांना आधी दुरुस्त करावं लागेल.